नक्कलनविसाची चाल

माझ्या ताईला स्टुडिओतले सगळे ‘माशीबाई’ म्हणायचे आणि तिला त्याचा राग यायचा नाही. कुणा कारकुनानं म्हणे मूळ कागदावर मेलेली माशी चिकटलेली पाहिली, आणि नक्कल करताना त्याच जागी एक माशी मारून चिकटवली. ताई बावीस वर्षं तेच करत होती, फक्त संगीतात. सिनेमाचा संगीतकार एका मोठ्या कागदावर सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहितो. पण व्हायोलिनवाल्याला त्याच्यापुरतंच हवं असतं, चेलोवाल्याला त्याचं. ते वेगळं काढून, सुवाच्य अक्षरात, पान उलटायची वेळ येईल तेव्हा वादकाचा हात मोकळा असेल अशा बेतानं उतरवून द्यायचं, हे तिचं काम. चुकलं की शाई ब्लेडनं खरवडायची. स्टुडिओतली तिची खोली म्हणजे वाद्यांच्या कोठीला लागून एक खाच होती. दोन माणसं आत शिरली तर एकाला दाराबाहेर जाऊन श्वास घ्यावा लागे.

तिच्याकडे येणारं बरंचसं काम मास्तरांचं. मास्तर मोठे संगीतकार आणि स्वभावानं जमदग्नी. त्यांचं लिहिणं पाहिलं तर वाटावं, एखादी मुंगी शाईत पडली आणि कशीबशी लंगडत कागदावरून घरी गेली. ते लागायचं फक्त ताईला. एकदा तिला वाटलं, चौथ्या ओळीत एक सूर चुकलाय. तिनं भीत भीत विचारलं. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

“बाई, शिकार आम्ही करतो. तुम्ही माशी मारा.”

दुसऱ्या दिवशी तो सूर त्यांनी स्वतःच बदलला आणि त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

मग संगणक आला. एक बटण दाबलं की चाळीस वादकांचे चाळीस कागद छापून बाहेर. स्टुडिओनं ताईला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. आमच्याच घरात, वरच्या खोलीत ती राहायची. खाली मी आणि माझे मिस्टर. आठवडाभर ती गॅलरीत नुसती बसून राहिली. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, “बावीस वर्षं लोकांची धुणी वाळत घातली. आता आपलं एखादं पांघरूण धुऊन बघते.”

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतेय. तिनं त्याच दिवशी जाऊन सिनेमाच्या संगीताच्या वर्गात नाव घातलं. शनिवार-रविवार सकाळी, वर्षभर.

वर्गात सगळी पोरं विशीतली. शिकवणारे सर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पहिलाच अभ्यास असा होता: एक मिनिटाचं चित्र. रिकामं स्वयंपाकघर, एक माणूस येतो, खुर्चीत बसतो, टेबलावरचा कप बाजूला सारतो. याला संगीत द्यायचं. ताईनं पंधरा दिवस खपून दिलं. माणूस आला की व्हायोलिन आलं, बसला की सूर खाली उतरला, कप सरकला तर तेवढ्यापुरती बासरीसुद्धा वाजली.

“माणूस खुर्चीत बसला हे आम्हाला दिसतंय, बाई,” सर म्हणाले. “संगीतानं ते परत कशाला सांगायचं?”

पोरं हसली. तीही हसली. दुसऱ्या खेपेला तिनं सगळं काढून टाकून नुसता पियानो ठेवला. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “नीटनेटकं आहे. पण हे कुणीही केलं असतं. यात तुम्ही कुठे आहात?”

घरी येऊन हे तिनं मला हसत हसतच सांगितलं. पण किल्ली खुंटीला अडकवताना तिचा हात दोनदा चुकला. “त्यांचं खरं आहे,” ती म्हणाली. “माझ्या डोक्यात इतक्या लोकांचं भरलंय, की मला बसायला पाटसुद्धा शिल्लक नाही.”

तरी ती हटली नाही. वर्गातल्या पोरांकडून संगणक शिकली. संगणकातली व्हायोलिनं तिला प्लास्टिकच्या फुलांसारखी वाटायची: टवटवीत आणि मेलेली. मग तिनं एकेक सूर हातानं बिघडवायला सुरुवात केली. हा किंचित उशिरा, या सुरावर हात जरा हलका, इथे वादकाचा दम संपत आलाय. चुकीचं वाजवणारे वादक तिनं बावीस वर्षं ऐकले होते. ते ज्ञान तिथे कामी आलं. गाद्यांच्या कपाटात तिनं माइक उभा केला, कारण गाद्या आवाज पितात. गॅलरीचा लोखंडी कठडा लाकडी चमच्यानं वाजवून तो आवाज इतका खाली ओढला की वाटावं, लांब कुठेतरी एखादं मोठं दार बंद होतंय. माझे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करतात; त्यांना सा आणि सायरन यांतला फरक कळत नाही. तेही कान देऊन म्हणाले, “हा आपला कठडा? शप्पथ?”

शेजारच्या वर्गात दिग्दर्शन शिकणारा एक जण होता. कायम धावत येणार, धावत जाणार, बोलताना वाक्याचा शेवट दाराबाहेर. घरात आम्ही त्याला ‘वावटळ’ म्हणायचो. त्याच्या दोन छोट्या फिल्मना ताईनं संगीत दिलं. दोन वर्षांनी त्याला पहिला मोठा सिनेमा मिळाला, आणि निर्मात्याशी भांडून त्यानं संगीताला ताईच घेतली. निर्माते म्हणाले होते, “पन्नाशीची नवखी?” वावटळ म्हणाला, “नवखी आहे म्हणूनच ऐकून घेते.”

सिनेमा एका बस चालवणाऱ्या बाईचा. तिचा भाऊ घर सोडून गेलाय, आणि ती सुट्टीच्या दिवशी गावोगाव त्याला शोधत फिरते. शेवटी तो सापडतो. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालत असतो. ती काचेबाहेर उभी राहते. तो वर बघतो, तिला ओळखत नाही, पुन्हा घडी घालायला लागतो. तीन मिनिटं दहा सेकंद. संवाद एक नाही. सगळा सिनेमा त्या तीन मिनिटांवर उभा होता आणि ती तीन मिनिटं ताईच्या डोक्यावर.

अकरा चाली तिनं दिल्या. वावटळीनं अकराच्या अकरा परत पाठवल्या. एक ‘फार शहाणी’, एक ‘दवाखान्यासारखी’, एक तर म्हणे ‘पिवळी’. “पिवळी म्हणजे काय रे बाबा?” असं तिनं विचारलं, तर त्यालाही सांगता येईना. ताईचं वजन उतरलं. जेवताना ताटात बोटं वाजवायची.

आणि एका दुपारी, इस्त्री करता करता, बारावी आली. ती जिन्यावरून धावत खाली आली. वर इस्त्री तशीच चालू.

“आली गं! सबंधच्या सबंध आली!”

तिनं गुणगुणून दाखवली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, मला संगीतातलं फार कळत नाही. पण माझ्या अंगावर काटा आला. खालून चेलो, वर एकटं क्लॅरिनेट. जणू कुणीतरी हाक मारायला तोंड उघडतं आणि नाव आठवत नाही. वावटळ ती ऐकून पहिल्यांदाच एका जागी पाच मिनिटं बसून राहिला, मग नाक पुसत म्हणाला, “हीच. सगळ्या सिनेमाभर हीच पसरा.” ताईनं पसरली. पाच ठिकाणी ती चाल यायची, तुकड्यातुकड्यानं, आणि शेवटी पूर्ण.

खऱ्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण गुरुवारी झालं. आठ वादक. पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाला शेवटचं मिक्सिंग सुरू व्हायचं होतं. तिथे संवाद, आवाज आणि संगीत एकत्र बसवतात, मग बदल नाही. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी काढून गेले. ज्या स्टुडिओत ती खाचेत बसायची, तिथे ती काचेमागे मुख्य खुर्चीत बसलेली मला बघायची होती.

क्लॅरिनेटवाले काका जुने, मास्तरांच्या वेळेपासूनचे. पहिल्याच फेरीत त्यांनी चाल अशी वाजवली की बाकीचे सात जण आपापली वाद्यं खाली ठेवून ऐकत राहिले. संपल्यावर काकांनी क्लॅरिनेट मांडीवर घेतलं आणि कपाळाला आठी घातली.

“माशीबाई, हे मी कधीतरी वाजवलंय का हो?”

“आता काका, तुम्ही वाजवलं नाही असं जगात काय राहिलंय!” कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. काकाही हसले. ताईही हसली. पण मी तिच्या शेजारी होते. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त कुणीतरी ओतून टाकावं तसं उतरलं.

 घरी आल्या आल्या ती माळ्यावर चढली. आपण उतरवलेल्या प्रत्येक कामाची एक जास्तीची प्रत ती ठेवायची. बावीस वर्षांची खोकी होती, एकतीस.

“अगं, काका म्हातारे झालेत,” मी खालून म्हणाले.

“काकांचे कान म्हातारे नाही झाले.”

शुक्रवार, शनिवार ती खोकी उपसत राहिली. मी दुकानातून आले की मीही बसायचे. मला वाचता येत नव्हतं, पण तिनं पहिल्या पाच सुरांचा आकार कागदावर काढून दिला होता: खाली, वर, वर, थांबा, खाली. असा आकार दिसला की हाक मार. मी शंभर हाका मारल्या असतील. प्रत्येक वेळी ती धडपडत यायची, बघायची, “नाही” म्हणायची, आणि आम्ही दोघी श्वास सोडायचो. शनिवार संपेपर्यंत पंचवीस खोकी झाली. मला वाटायला लागलं, सुटलो.

रविवारी सकाळी सत्ताविसाव्या खोक्यात सापडली. हाक मी मारली नाही, तीच गप्प झाली. तिच्याच अक्षरात, चौदा वर्षांपूर्वीची तारीख, क्लॅरिनेटचा कागद. पहिले नऊ ठेके सुरास सूर. फरक एवढाच, की मास्तरांनी ती वरच्या पट्टीत लिहिली होती. मास्तरांचा तो सिनेमा कधी पडद्यावर आलाच नाही. अर्ध्यात बंद पडला आणि संगीत डब्यात गेलं.

ती माळ्याच्या शिडीवर बसली. “बघ,” म्हणाली, “किती सुंदर उतरवलंय. एक डाग नाही.”

आता जे सांगते ते मला शोभणारं नाही, पण झालं ते झालं. मीच म्हणाले, “ताई, हा सिनेमा कुणी पाहिलाच नाही. काका विसरलेत. मास्तरांना पक्षाघात होऊन दोन वर्षं झाली, त्यांना घरातल्यांची नावं आठवत नाहीत म्हणे. आणि तू काही चोरी केली नाहीस. आपोआप आली. हा कागद आहे हे फक्त तुला आणि मला माहीत आहे.”

“हो ना,” ती म्हणाली. “मला माहीत आहे. तिथेच घोडं अडलंय.”

सोमवारी सकाळी आम्ही मास्तरांकडे गेलो. त्यांच्या सुनेनं दार उघडलं. “बरं झालं आलात,” ती हळू आवाजात म्हणाली. “फोन वाजला की विचारतात, स्टुडिओतून होता का? वर्ष झालं, एकही नव्हता.”

मास्तर खिडकीशी खुर्चीत होते. जमदग्नी वाळून काटकी झाला होता. उजवा हात मांडीवर असा ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणी सांभाळायला दिलाय. त्यांनी ताईला ओळखलं की नाही ते कळलं नाही. ताईनं नमस्कार केला, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि गुरुवारचं ध्वनिमुद्रण लावलं.

ते ऐकत होते आणि मी त्यांचा चेहरा वाचत होते. काही हललं नाही. फक्त डाव्या हाताची तर्जनी खुर्चीच्या हातावर अगदी बारीक ठेका धरत होती. संपलं. त्यांनी मान हलवली.

“छान,” ते म्हणाले. शब्द एकेक करून, जिना चढल्यासारखे येत होते. “कुणाची?”

मी ताईचा गुडघा दाबला. गप्प बैस, असा त्याचा अर्थ होता. देवानं आयतं दार उघडलं होतं. ‘माझी’ म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं हसली असती तरी पुरे होतं. पंखा फिरत होता. सून चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात थांबली होती. ताईनं माझा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

“तुमची, मास्तर.”

तिनं तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा मागितला आणि बोट फिरवत वाचलं. फार वेळ लागला.

“अक्षर... तुमचं, बाई.”

म्हणजे ओळखलं होतं.

“अक्षर माझं. चाल तुमची. मी आपली समजून सिनेमात घातली. मला खरंच कळलं नाही.”

मला वाटलं, आता भडका उडणार. पण त्या म्हाताऱ्या डोळ्यांत जे आलं ते रागापेक्षा कठीण होतं. ते हरखले. “डब्यात... गेली होती. आता... वाजेल?” आणि थोड्या वेळानं, “नाव लावा. माझं.”

“लावते, मास्तर,” ताई म्हणाली.

जिना उतरताना मी म्हणाले, “शब्द द्यायची घाई केलीस.”

दुपारी वावटळीच्या संकलनाच्या खोलीत आम्ही तिघं होतो. त्यानं ऐकलं, आधी हसला, मग उभा राहिला, मग बसला. त्यानं निर्मात्यांना फोन लावला, निर्मात्यांनी वकिलांना. तासाभरानं उलट निरोप आला. त्या बंद पडलेल्या सिनेमाचे हक्क एका माणसाकडे होते. तो वारला, आणि त्याचे तिघे मुलगे एकमेकांविरुद्ध कोर्टात आहेत. परवानगी चार दिवसांत सोडा, चार वर्षांतही मिळायची नाही. मास्तरांचं नाव लावलं तर तिघेही आपल्यावर धावून येतील. तेव्हा एक तर चाल काढा, नाहीतर गप्प बसा.

“गप्प बसू या,” वावटळ म्हणाला. “ताई, तो कागद जाळून टाका.”

“कागद जाळला तरी मी उरतेच ना रे.”

“माझा पहिला सिनेमा आहे हो!” त्याचा आवाज फाटला.

“माझाही.”

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग न वळताच म्हणाला, “शुक्रवारी सकाळी दहा. वादक मिळणार नाहीत, ते दुसरीकडे बांधलेत. पाच जागा भरून आणा. नाही आणल्यात तर मी दुसऱ्या कुणाचं तरी आणून लावीन आणि पडद्यावरच्या पाटीवर नाव तुमचं नसेल. मला माफ करा.”

तीन दिवस. मंगळवार सबंध वाया गेला. चाली येत होत्या, पण प्रत्येकीला ती चौकीवरच्या शिपायासारखी अडवायची. तू कुठली? तू त्या बागेच्या सीनमधली. तू त्या रडक्या सिनेमातली. तू कुणाची गं? बोल! दुपारपर्यंत तिनं कीबोर्डवर चादर टाकली होती. मी वर गेले तेव्हा ती जमिनीवर बसली होती. “माझ्यात काहीच नाही,” ती म्हणाली. “नुसती कोठी आहे.” माझ्या ताईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आमचे वडील गेले तेव्हासुद्धा. त्या दिवशी पाहिलं.

बुधवारी मी जेवायच्या सुट्टीत घरी आले, तिच्या तोंडात दोन घास जावेत म्हणून. ती आवाज पूर्ण बंद करून तो सीन बघत बसली होती. कितव्यांदा कोण जाणे. मी तो तोवर पाहिलाच नव्हता. ताट घेऊन तिच्यामागे उभी राहिले आणि बघत राहिले. तो माणूस चादर घेतो, झटकतो, मुडपतो, हातानं सपाट करतो, ठेवतो. दुसरी घेतो.

“श्वास का धरलास?” ताई एकदम म्हणाली.

“कुणी, मी?”

“तू. आत्ता. परत बघ.”

तिनं चित्र मागे नेलं. मी पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे नाही. “परत तिथेच. तो वर बघतो तिथे नाही. त्यानंतर तो चादर हातानं सपाट करतो, तिथे.” तिनं खाली जाऊन जेवायला आलेल्या माझ्या मिस्टरांना आणलं, न सांगता बसवलं. त्यांनीही तिथेच श्वास धरला. ओळखलं नाही, हे त्याच्या नजरेत नव्हतंच. ते त्या हातात होतं. त्यानं चादरीवरची सुरकुती काढली तशी मनातून बहीणही काढली.

“मी सगळं ओझं चुकीच्या जागी ठेवत होते,” ताई म्हणाली. “आणि मास्तरांची चालसुद्धा. तो वर बघतो तेव्हाच ती फुलते.”

त्यानंतर तिनं चाल शोधली नाही. चादरीची घडी जेवढी वेळ घेते तेवढ्या अंतरानं चेलोचे दोन सूर लिहिले. कठड्याचा तो लांबचा आवाज खाली ठेवला. बाकीच्या चार जागांतही तेच दोन सूर कमीजास्त करून बसवले. धुलाईखान्यात तो वर बघतो तेव्हा काहीच बदललं नाही. सपाट करणाऱ्या हातापाशी मात्र चेलो थांबला, आणि तिथे क्लॅरिनेट हवं होतं. खरं. संगणकाचं नको.

काका गुरुवारी दुपारी आले, दुसरं काम चुकवून. “माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं,” ते दारातच म्हणाले.

“तुम्ही बोलला नसता तर मी जन्मभर हसत राहिले असते काका. या.”

गाद्यांच्या कपाटात एक माणूस आणि एक क्लॅरिनेट जेमतेम मावतं. काका घामानं निथळत होते. ताईनं सांगितलं, “सूर नको. अर्धा श्वास, अर्धा सूर. श्वासच आधी.” काकांनी ओठ लावले, आणि त्याच क्षणी शेजारच्या घरात भिंतीला ड्रिल सुरू झालं. आमचे सगळ्यांचे चेहरे पडले. पाच मिनिटं वाट पाहिली, दहा. काकांना चारला निघायचं होतं. माझे मिस्टर चप्पल घालून बाहेर पडले. थोड्या वेळानं ड्रिल थांबलं, आणि खिडकीतून मला दिसलं: ते आणि तो भिंत फोडणारा कारागीर पायरीवर बसलेत, आणि मिस्टर त्याला हातवारे करून लिफ्टची दोरी कशी तुटत नाही ते समजावताहेत. चाळीस मिनिटं त्यांनी तो माणूस धरून ठेवला. काकांनी सात वेळा वाजवलं. सातवं ठेवलं.

शुक्रवारी दहाला पाच मिनिटं असताना ताई पोचली. मी बरोबर होते. वावटळीनं आमच्याकडे पाहिलं नाही. सीन लावला. तीन मिनिटं दहा सेकंद तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. संपल्यावर म्हणाला, “आधीची जास्त चांगली होती.”

“हो,” ताई म्हणाली. “ती मास्तरांची होती.”

“परत लावा.”

दुसऱ्यांदा तो बसला. तिसऱ्यांदा त्यानं संगीताचा खटका स्वतःच्या हातात घेतला आणि शेवटचे चाळीस सेकंद ते बंद करून टाकलं. तिथे आता चादरी झटकल्याचा आवाज तेवढा राहिला. ताई उसळली. तिच्या मते तेच सगळ्यात चांगलं होतं, काकांचा सातवा श्वास तिथेच संपत होता. दोघं वाद घालत राहिले, ती हरली. बाकीच्या चार जागा त्यानं निमूट घेतल्या. पाटीवर नाव ताईचंच राहिलं.

सिनेमा थोड्या थिएटरांत तीन आठवडे चालला. एका परीक्षणात ‘संगीत संयत’ असे दोनच शब्द आले. मी ते कापून ठेवले, ताई म्हणाली, “संयत म्हणजे ऐकू आलं नाही.” पण त्यावरून तिला दुसरं काम आलं, आणि वावटळीनं पुढच्या सिनेमासाठी आधीच सांगून ठेवलं.

कठीण गेलं ते मास्तरांकडे पुन्हा जाणं. मिक्सिंग झालं त्याच रविवारी ती गेली आणि सांगितलं, चाल वाजणार नाही, मी दिलेला शब्द मोडला. मास्तरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. पुढच्या रविवारीही. ती जात राहिली. त्या तिघा भांडणाऱ्या मुलग्यांना तिनं तीन वेगवेगळी पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, तेही नकाराचं. तिनं पुन्हा लिहिलं. चार महिने मास्तर तिच्याशी बोलले नाहीत.

मग एका रविवारी, मी बरोबर होते, ते आपण होऊन म्हणाले, “तुमची... लावा.”

ताईनं हेडफोन चढवले. त्यांनी ऐकलं, मग पुन्हा लावायची खूण केली. तर्जनी यावेळी हलली नाही.

“चेलो... लवकर सोडला. अजून... दोन ठेके.”

“नाही मास्तर,” ताई म्हणाली. “तिथेच सोडायला हवा. त्याचा हात तिथे चादरीवर येतो.”

“हात... दिसतो. मग थांबून... परत कशाला सांगायचं?”

“मी सांगत नाहीये. वाट मोकळी करतेय.”

मास्तरांच्या गालावर रंग चढला. त्यांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली आणि म्हणाले, “चूक!” ताई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि पेन्सिल काढून कागदावर रेघा मारायला लागली. दोघं तासभर भांडत होते. सुनेनं चहा दोनदा गरम केला आणि दोन्ही वेळा तो तसाच गार झाला.